१९६८ची प्लिमथ रोड रनर : घरच्या गॅरेजमधले चौदा महिने

गेल्या वर्षी मार्चमध्ये इथे अमेरिकेत मिशिगनला आमच्या गॅरेजची एक बाजू रिकामी केली आणि १९६८ची रोड रनर घरी आणली. जुनी मसल कार, म्हणजे मोठ्या ताकदीच्या इंजिनाची अमेरिकन गाडी, घेऊन स्वतः दुरुस्त करायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हा अनुभव जरा सविस्तर लिहितो.

ही गाडी निवडली ती तिच्या साधेपणामुळे. मसल कार महागत चालल्या होत्या, तेव्हा क्रायस्लर कंपनीच्या प्लिमथने थाटमाट काढून टाकला आणि सगळा पैसा इंजिनात घातला. ३८३ घनइंचाचं व्ही-८, ३३५ अश्वशक्ती, आत सलग बाकासारखी सीट, खाली रबरी मॅट. मूळ किंमत २,८९६ डॉलर. कार्टूनमधल्या पक्ष्याचं नाव आणि त्याच्यासारखा ‘बीप बीप’ हॉर्न वापरण्यासाठी मात्र वॉर्नर ब्रदर्सला ५०,००० डॉलर दिले! अंगावर थाटमाट कमी असल्यामुळे ती घरी उघडता येते, आणि जोडताही येते.

घेताना सर्वांत आधी गाडीचा ओळख क्रमांक (व्हीआयएन) वाचा. डॅशबोर्डवर काचेतून दिसणारा माझा नंबर ‘आरएम२१एच८ए’ने सुरू होतो. आरएम२१ म्हणजे मधला खांब असलेली दोन दारांची कूपे, एच म्हणजे ३८३, आठ म्हणजे १९६८ आणि ए म्हणजे डेट्रॉइटचा लिंच रोड कारखाना. त्या वर्षापासून गाडीचा अनुक्रमांक इंजिनाच्या ब्लॉकवरही ठोकलेला असतो. तारेच्या ब्रशने काजळी काढून पाहिलं, तर ब्लॉक ३८३चाच, पण दुसऱ्या गाडीचा. भाव बराच खाली आला. मला गाडी चालवायला हवी होती, त्यामुळे मला ते चाललं. संग्रहासाठी घेणाऱ्याने मात्र तिथूनच परत फिरावं.

माझी खरी चूक पत्रा तपासताना झाली. दारं, पायाखालचा पत्रा, टॉर्शन बारचा (पुढच्या सस्पेन्शनमधल्या पीळ घेणाऱ्या दांड्यांचा) आडवा बीम हे सगळं टोचून पाहिलं. मागच्या चाकाच्या कमानीवर रंग इतका सुरेख चमकत होता की तिथे हातच लावला नाही. घरी आल्यावर पातळ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक तिथे टेकवलं. कमानीच्या वर ते घट्ट चिकटलं, चार बोटं खाली आणलं आणि घसरून जमिनीवर पडलं. ग्राइंडर फिरवल्यावर गुलाबी पुट्टीची भुकटी उडायला लागली. जवळजवळ अर्धा इंच पुट्टी, तिच्यामागे जाळी, आणि जाळीमागे काहीच नाही. इथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ पसरतात, ते नेमकं याच खाचेत साठतं. विकणाऱ्याने ‘गंज नाही’ असं छातीठोक सांगितलं होतं. रंग बघू नका, चुंबक फिरवा, तेही गाडीच्या दोन्ही बाजूंनी.

त्या दोन कमानींनी सात महिने घेतले. मागवलेला एक पत्रा पाव इंच आखूड निघाला, तो बदलून येईपर्यंत तीन आठवडे गेले. पातळ पत्र्यावर सलग वेल्डिंग केलं की तो तापून लाटेसारखा वाकतो. म्हणून एक टाका इकडे, एक वीतभर लांब, मध्ये हात लावून गार झाला का बघायचं, मग पुढचा. एका बाजूला तीन शनिवार-रविवार गेले, पण शेवटी सांध्यावरून नख फिरवलं तरी अडकत नव्हतं. जानेवारीत थंडीमुळे प्रायमर नीट वाळेना, तेव्हा रंगकाम थांबवून यंत्राकडे वळलो.

डावी चाकं काढतानाची गोष्ट सांगायलाच हवी. नट हलेना म्हणून पान्ह्याला लांब पाइप लावून जोर केला आणि स्टड (नट ज्यावर बसतो तो आट्यांचा खिळा) तुटला. शेजारचे काका आयुष्यभर याच गाड्यांवर काम केलेले. त्यांनी तुटक्या स्टडच्या टोकावर ठोकलेलं ‘एल’ दाखवलं. त्या काळात क्रायस्लरच्या गाड्यांना डाव्या बाजूला उलटे आटे असत. मी नट सोडत नव्हतो, आवळत होतो.

वायरिंगकडे दुर्लक्ष अजिबात करू नका. या गाड्यांत चार्जिंगचा सगळा करंट इंजिनाकडून डॅशबोर्डमधल्या अॅमीटरपर्यंत (करंट दाखवणाऱ्या काट्यापर्यंत) जाऊन परत येतो, आणि वाटेत इंजिन व बसायची जागा यांमधल्या आडव्या भिंतीतल्या जोडणीतून दोनदा जातो. पंचावन्न वर्षांनी ते टर्मिनल काळवंडतात आणि तापतात. माझ्या जोडणीत जाड वायरींभोवतीचं प्लास्टिक तपकिरी झालं होतं. अल्टरनेटरपासून (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्रापासून) बॅटरीपर्यंत फ्युजिबल लिंकसह, म्हणजे करंट फार वाढला तर वितळून तुटणाऱ्या तुकड्यासह, थेट जाड वायर टाकली, मगच गाडी रस्त्यावर काढली.

बाकीचं सोपं होतं. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला टिकणारे होज घातले, आणि जुन्या पद्धतीच्या कॅमसाठी (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यासाठी) जस्त जास्त असलेलं तेल वापरतो.

मेमध्ये पहिल्यांदा वीस मैल चालवली. चारी ड्रम ब्रेक मूळचेच ठेवलेत. ते लागतात, पण पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवावं लागतं. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ड्रीम क्रूझला, म्हणजे डेट्रॉइटजवळच्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला, न्यायची आहे. तोवर डावा दरवाजा बसवायचाय, खालच्या कोपऱ्यात अजून घासतो.