टी. रेक्स आणि गिगॅनोटोसॉरस: फरक दातांत आहे
लांबीत हे दोन मांसाहारी डायनासोर जवळपास सारखेच, १२ मीटरच्या आसपास. खरा फरक दातांत. अर्जेंटिनात सापडलेल्या आणि १९९५ मध्ये नाव मिळालेल्या गिगॅनोटोसॉरसचे दात चपटे, सुरीसारखे, कडेला बारीक करवत असलेले. मांस चिरायला उत्तम. उत्तर अमेरिकेतल्या टी. रेक्सचे दात जाड, हाड फोडणारे. ट्रायसेराटॉप्स या तीन शिंगांच्या शाकाहारी डायनासोरच्या कमरेच्या हाडावर त्यांचे खोल घाव दिसतात. कॅनडात मिळालेल्या, टी. रेक्सच्याच मानल्या जाणाऱ्या अश्मीभूत विष्ठेत तर हाडांचा चुरा आहे! इतका थेट पुरावा मला विलक्षण वाटतो.

दोघांची झुंज दाखवणारी चित्रं मात्र खरी मानू नका. गिगॅनोटोसॉरस सुमारे ३ कोटी वर्षं आधीचा. नातंही लांबचंच. पक्षी डायनासोरांचेच वंशज, त्यामुळे टी. रेक्सला त्याच्यापेक्षा आजची चिमणी जवळची.