घड्याळातला ईसीजी आणि त्यामागचा पेटंटचा वाद

अ‍ॅपल वॉचच्या सिरीज 4 पासून, म्हणजे 2018 पासून, मिळणारी ईसीजीची सोय ही माझ्या मते या घड्याळातील सर्वांत मोलाची सोय आहे, आणि तिचे मोल नेमके कशात आहे हे समजून घेण्यासाठी ईसीजी उपकरणे बनवणाऱ्या अलाइव्हकोर कंपनीचा अ‍ॅपलविरुद्धचा अमेरिकेतील पेटंट-खटला अवश्य पाहावा.

घड्याळाच्या पाठीवरचा इलेक्ट्रोड डाव्या मनगटाला टेकलेला असतो. उजव्या हाताचे बोट बाजूच्या डिजिटल क्राउनवर (फिरत्या गोल कळीवर) ठेवले की दोन्ही हात आणि छाती यांमधून विद्युत परिपथ पूर्ण होतो. हात टेबलावर सैल टेकवून 30 सेकंद स्थिर बसावे लागते. पट्टा ढिला असला किंवा मनगट घामेजलेले असले, तर रेषा थरथरू लागते. आलेख मिळतो तो एकाच लीडचा, म्हणजे हृदयाकडे एकाच कोनातून पाहणारा. सहा लीड हव्या असतील, तर अलाइव्हकोरचे कार्डियामोबाइल 6एल पाहावे. त्याचा तिसरा इलेक्ट्रोड डाव्या गुडघ्याला किंवा घोट्याला टेकवायचा असतो.

वाद मात्र या मोजणीच्या आधीच्या पायरीवरून झाला. मनगटावरच्या प्रकाश-संवेदकाने ठोक्यांतील अनियमितता टिपायची आणि तिची खातरजमा त्याच उपकरणातील ईसीजीने करायची, ही कल्पना आपली असल्याचे अलाइव्हकोरचे म्हणणे होते. डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने अ‍ॅपलच्या विरोधात आयातबंदीचा आदेश दिला, परंतु त्याची अंमलबजावणी लगेच स्थगित ठेवली, कारण त्याच महिन्यात पेटंट कार्यालयाच्या अपील मंडळाने संबंधित दावे त्या क्षेत्रातील जाणकाराला सहज सुचण्याजोगे ठरवून पेटंटला अपात्र मानले होते. मंडळाचा मुख्य आधार होता श्मुएली यांचा 2012 मध्ये प्रसिद्ध झालेला पेटंट-अर्ज. मनगटावरच्या उपकरणात प्रकाश-संवेदक आणि ईसीजीचे इलेक्ट्रोड एकत्र वापरण्याचे वर्णन त्यात आधीच होते. 7 मार्च 2025 रोजी फेडरल सर्किट अपील न्यायालयाने मंडळाचा निर्णय कायम केला.

मला हा निकाल पटतो. शंका आल्यावर हाताशी असलेल्याच ईसीजीने ती तपासणे, हे श्मुएलींचा अर्ज वाचलेल्या अभियंत्याला सुचायला वेळ लागला नसता. नावीन्याला पुष्टी देणारे, आयोगापुढे आलेले पुरावे अ‍ॅपलने मंडळालाही द्यायला हवे होते, हा अलाइव्हकोरचा आक्षेप मात्र न्यायालयाने गुणवत्तेवर तपासला नाही, कारण तो मंडळापुढे उपस्थितच केलेला नव्हता. ही चर्चा व्हायला हवी होती, असे मला मनापासून वाटते.

खरेदीदाराच्या दृष्टीने मात्र शंका येताच ईसीजी घेण्याची हीच पायरी मोलाची आहे. ज्यांना मधूनच धडधड होते आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत ती थांबते, त्यांना धडधड सुरू असतानाच आलेख घेऊन त्याची पीडीएफ डॉक्टरांना पाठवता येते, म्हणून मी या घड्याळाची शिफारस करेन. घेताना अ‍ॅपल वॉचचे एसई हे मॉडेल टाळावे, त्यात ईसीजी नाही. तसेच हा आलेख अ‍ॅट्रियल फिब्रिलेशनची (हृदयाचे ठोके अनियमित पडण्याच्या एका विकाराची) चिन्हे दाखवू शकतो, हृदयविकाराचा झटका ओळखू शकत नाही, असे कंपनीच स्पष्ट सांगते. त्यामुळे छातीत दुखू लागल्यास क्राउनवर बोट ठेवत न बसता थेट रुग्णालय गाठावे.