कोपान: गाइड न घेता माया नगर पायी पाहायचं तर

माया संस्कृतीची एखादीच जागा स्वतःच्या चालीने पाहायची असेल, तर होंडुरासमधलं कोपान निवडा. तिकाल किंवा चिचेन इत्सा या माया नगरांचा दिमाख उंचीत आहे, तो लांबूनही कळतो. कोपानचं सगळं वैभव कोरीवकामात आहे आणि ते बरंचसं आपल्या नजरेच्या टप्प्यात उभं आहे. काय शोधायचं हे आधी ठाऊक असलं, तर गाइड लागत नाही. ठाऊक नसेल तर दीड तासात सगळे दगड सारखेच वाटायला लागतात, कारण जागेवरच्या पाट्या जुजबी आहेत.

कोपान रुइनास गावातून अवशेषांपर्यंत रस्त्याकडेने पायवाट आहे. अंतर साधारण एक किलोमीटर, वाट सपाट. रिक्षा मिळते, पण चालतच जावं, कारण वाटेतही दोन जुने शिलास्तंभ उभे आहेत. दार सकाळी 8 च्या सुमारास उघडतं, तेव्हाच पोहोचा. कोवळं ऊन तिरकं पडतं आणि उठावाच्या सावल्या स्पष्ट होतात. डोक्यावर ऊन आलं की तेच कोरीवकाम सपाट दिसतं, फोटोही फिके येतात. अवशेष, शिल्प-संग्रहालय आणि मंदिरांखाली उत्खननात खणलेली भुयारं यांची तिकिटं वेगवेगळी आहेत. रोख लेंपिरा, म्हणजे होंडुरासचं चलन, जवळ ठेवा.

सुरुवात मोठ्या चौकातून करा. इथले बहुतेक शिलास्तंभ (यांनाच स्टेला म्हणतात) तेराव्या राजाचे, म्हणजे वाशाक्लाहून उबाह काविलचे. हा 695 साली गादीवर आला. इथला दगड चुनखडी नाही, ज्वालामुखीच्या राखेचा हिरवट टफ आहे. तो छिन्नीला मऊ जातो, म्हणून आकृत्या जवळजवळ मोकळ्या सुटल्यासारख्या खोल कोरता आल्या. स्तंभ फक्त समोरून पाहून पुढे जाऊ नका, चारही बाजूंनी फिरा. 731 च्या स्टेला ए वरच्या मजकुरात कोपान, तिकाल, कालाकमुल आणि पालेंके या चार राज्यांची चिन्हं एकत्र येतात. कोपानचं चिन्ह म्हणजे वटवाघळाचं डोकं. ते एकदा ओळखता आलं की पुढे ठिकठिकाणी सापडत राहतं. स्टेला डी ची मागची बाजू चुकवू नका: तिथे अंक आणि कालखंड नेहमीच्या चिन्हांऐवजी अख्ख्या आकृत्यांनी दाखवले आहेत, प्रत्येक चौकटीत दोन देहांची जणू झटापट चाललेली. अशी लिपी माया जगात फार थोड्या ठिकाणी आहे. स्टेला एच वरची जाळीदार झग्यातली व्यक्ती राणी नव्हे, मक्याच्या देवाच्या वेषातला राजाच आहे.

स्टेला बी पाशी भारतीय पर्यटकाला हमखास कुणीतरी सांगतं की वरच्या कोपऱ्यांत हत्ती आणि माहूत कोरलेत. ग्राफ्टन इलियट स्मिथ यांनी 1924 मध्ये हा दावा जोरात मांडला होता आणि त्यातून भारताशी थेट संबंध जोडला होता. ती सोंड नाही, मकाव पोपटाची चोच आहे. प्रवेशदारापाशी खरे लाल मकाव झाडांवर बसलेले असतात. त्यांची बाकदार चोच नीट पाहून मगच या स्तंभाकडे या, शंका उरत नाही.

पुढे चेंडूच्या खेळाचं मैदान लागतं. उतरत्या बाजूंवरही मकावचीच डोकी आहेत. हे मैदान 738 च्या सुरुवातीला पूर्ण झालं आणि त्याच वर्षी कीरिग्वा या दुसऱ्या माया राज्याच्या राजाने तेराव्या राजाचा, वाशाक्लाहूनचा, शिरच्छेद केला. शेजारचा चित्राक्षरांचा जिना 63 पायऱ्यांचा आहे. त्यावर सुमारे 2200 अक्षरचिन्हं आहेत, माया लिपीतला हा सर्वात लांब लेख. पण तो सलग वाचता येत नाही. वरचा बहुतेक भाग कोसळलेला होता आणि विसाव्या शतकात दगड पुन्हा रचताना मूळ क्रम हाती नव्हता. जाग्यावर टिकलेल्या पायऱ्या तळाच्या, तेव्हा लक्ष तिथे द्या. चढायला बंदी आहे आणि वर ताडपत्रीचं छप्पर असल्याने उजेड कमी असतो. छोटी दुर्बीण इथे खरी उपयोगी पडते.

मग वर अक्रोपोलिसवर, म्हणजे राजवाडे-मंदिरांच्या उंच चौथऱ्यावर. पाऊस झाला असेल तर पायऱ्या निसरड्या होतात, घट्ट पकडीचे बूट हवेत. मंदिर 16 च्या पायथ्याशी वेदी क्यू आहे, पण ती प्रतिकृती, मूळ संग्रहालयात. 776 च्या या चौकोनी दगडावर सोळा राजे आहेत, दर बाजूला चार. पश्चिम बाजूच्या मध्यभागी तारीख आहे. तिच्या डावीकडे डोळ्यांभोवती कडी असलेला राजघराण्याचा मूळ पुरुष याश कुक मो सोळाव्या राजाला, याश पासाहला, राजचिन्ह देतो आहे. याश कुक मोपासून डावीकडे सरकत प्रदक्षिणेच्या दिशेने चालत राहा, की दुसऱ्यापासून सोळाव्यापर्यंत राजे ओळीने येतात. प्रत्येक जण स्वतःच्या नावावर बसला आहे; फक्त याश कुक मोचं नाव त्याच्या शिरोभूषणात आहे.

भुयारांचं तिकीट आमच्या मते टाळावं. ते महाग आहे, आणि रोसालिला मंदिराचे काचेआडून जेमतेम तुकडे दिसतात. हे मंदिर पाडलं नव्हतं, तर रंगगिलाव्यासकट जसंच्या तसं नव्या मंदिराच्या पोटात पुरलं होतं. 1989 मध्ये ते सापडलं. त्याची पूर्ण आकाराची लालभडक प्रतिकृती संग्रहालयाच्या मधोमध उभी आहे. त्याच पैशात संग्रहालय बघा आणि तेही अवशेष पाहून झाल्यावर. स्टेला ए चा मूळ दगडही तिथेच आहे. मूळ जागा डोक्यात असल्या की हे दगड कुठून आले ते आपोआप कळतं. निदान एक तास द्या.

चालायची ताकद उरली तर त्याच रस्त्याने पुढे लास सेपुल्तुरास आहे, दरबारी आणि लेखनिक घराण्यांची वस्ती. अवशेषांचं तिकीट तिथे चालतं, म्हणून ते फेकू नका. झाडी दाट, पाट्या थोड्या, डास भरपूर. पाणी आधीच भरून घ्या.