गरोदरपणात सात महिने वापरलेल्या तीन ट्यूबा

सातव्या आठवड्यात पहिल्या तपासणीला गेले, तेव्हा डॉक्टरांनी चालू असलेल्या औषधांची चौकशी केली आणि मी "काहीच नाही" असे सांगून मोकळी झाले. चेहऱ्याला लावायची क्रीम हेही औषध असते, हे माझ्या ध्यानीमनी नव्हते. "आणि तोंडाला काय लावता?" असे त्यांनीच पुढे विचारले, म्हणून पर्समधली ट्यूब काढून दाखवली. गालांवरच्या वांगासाठी ती मी दीड वर्ष रोज रात्री लावत होते; मेडिकलवाल्याने चिठ्ठी न मागताच दिली होती. ट्यूबच्या मागच्या बाजूला, उभ्या तांबड्या रेघेशेजारी, भिंग लागावे इतक्या बारीक अक्षरांत हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन अशी तीन नावे छापलेली होती.

त्यांपैकी हायड्रोक्विनोन त्वचेतून बरेच, सुमारे ३५ ते ४५ टक्के, शरीरात शोषले जाते, म्हणून गरोदरपणात ते टाळतात. ट्रेटिनॉइन हे अ जीवनसत्त्वाच्या कुळातले. याच कुळातली आयसोट्रेटिनॉइनची गोळी गर्भात गंभीर व्यंगे निर्माण करते. मलमातून रक्तात जाणारी मात्रा अगदी थोडी असली, तरी केवळ डागांसाठी तेवढाही धोका कोणी पत्करत नाही. मोमेटासोन हे स्टेरॉइड, आणि लावायच्या १४ स्टेरॉइडांना २०१८ सालीच शेड्यूल एच या औषधांच्या सरकारी यादीत घालून चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई झालेली आहे. "आजवर लावलेत म्हणून घाबरू नका, पण आजपासून लावू नका," एवढेच सांगून डॉक्टरांनी मला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवले.

क्रीम बंद केल्यावर आठच दिवसांत चेहरा लालबुंद झाला, हनुवटीवर पुळ्यांचा सडा पडला आणि साधे पाणी लागले तरी आग होऊ लागली. स्टेरॉइडची सवय लागलेली त्वचा असाच सूड उगवते, हे नंतर कळले. गरोदरपणाचे तेज म्हणतात ते माझ्या वाट्याला आले नाही. पहिला दीड महिना मी ग्लिसरीन आणि सेरामाइड असलेल्या, बिनवासाच्या मॉइश्चरायझरखेरीज काहीही लावले नाही. ही पहिली ट्यूब. तिच्याविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही, पण गुलाबाच्या वासाच्या नेहमीच्या क्रीमने मला अक्षरशः उलटी होत असे, त्या दिवसांत वास नसणे हाच मोठा गुण ठरला.

चौदाव्या आठवड्यात दुसरी ट्यूब आली, १० टक्के ॲझेलेइक ॲसिडचे जेल. हे त्वचेतून फार कमी शोषले जाते आणि पुळ्या व डाग या दोहोंवर चालते, म्हणून गरोदरपणात डॉक्टर बहुधा याचाच विचार करतात. पहिले दोन आठवडे लावल्यावर दहा मिनिटे मुंग्या चावल्यासारखे होत असे. आधी मॉइश्चरायझर आणि त्यावर हरभऱ्याच्या दाण्याएवढे जेल, असा क्रम उलटा केल्यावर ते सहन झाले. जेल सुरू केल्यानंतरच्या आठव्या आठवड्यापासून पुळ्या खरोखर कमी झाल्या. वांग मात्र फिकट झाले, गेले नाही; जुन्या क्रीमने महिन्याभरात दिसलेला उजळपणा यातून मिळेल अशी अपेक्षा कोणी धरू नये.

माझ्या मते सर्वाधिक फरक तिसऱ्या ट्यूबने पडला, आणि ती होती सनस्क्रीन. वांगामागे संप्रेरके असतात तसे ऊनही असते, आणि सोलापूरच्या एप्रिलमध्ये दुचाकीवरून शाळेत जाणाऱ्या बाईला ऊन चुकवता येत नाही. झिंक ऑक्साइडची पहिली ट्यूब वर्णाशी इतकी विसंगत होती, की कपाळ सोडून उरलेल्या तोंडालाही भस्म फासल्यासारखे दिसे, मुलांनी "बाई, बरे नाही का?" असे विचारल्यावर ती बाजूला ठेवली. नंतर आयर्न ऑक्साइड असलेली, गव्हाळ छटेची घेतली. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही वांग गडद होते आणि तो अडवण्याचे काम ही छटाच करते, त्यामुळे रंग हा केवळ शोभेचा भाग नाही. तक्रारी दोनच आहेत. एक म्हणजे साडीच्या पदराला पिवळट डाग पडतात. दुसरी म्हणजे दोन बोटांवर भरून, सकाळी आणि दुपारी लावायचे म्हटले, तर ५० ग्रॅमची ट्यूब महिनाभरही पुरत नाही.

उत्पादनांची नावे मुद्दाम देत नाही, कारण एकाच नावाखाली घटक बदलतात. घटकांची यादीच वाचावी. 'नैसर्गिक' या शब्दावर तर मुळीच विसंबू नये. मावशीने प्रेमाने पाठवलेल्या वनस्पतिजन्य सीरममध्ये बाकुचिओल निघाले, म्हणजे बावचीच्या बियांतले द्रव्य, आणि गरोदरपणातल्या त्याच्या सुरक्षिततेचा पुरेसा अभ्यास झालेला नाही. डोहाळजेवणाला नणंदेने आणलेला, दहा मिनिटांत काळा रंग देणारा मेंदीचा कोनही मी नाकारला. मेंदीचा स्वतःचा रंग तांबूस. असा काळा रंग बहुधा पीपीडी या केसांच्या डायमधल्या रसायनाचा असतो आणि त्याने त्वचेवर फोड येऊ शकतात. नणंदबाई तासभर रुसल्या, मग स्वतःच पाने वाटून घेऊन आल्या.

पोटाला खोबरेल तेल लावूनही ताणाचे व्रण यायचे ते आलेच. खाज मात्र कमी झाली. पण आठव्या महिन्यात तळहात आणि तळपायांना, पुरळ नसताना, रात्री झोप उडवणारी खाज सुटली, तेव्हा तेल चोळत न बसता मी दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात गेले. यकृतातून पित्त नीट न वाहिल्यानेही अशी खाज येते आणि त्यात बाळाला धोका असतो, म्हणून पित्ताम्लांची व यकृताची रक्ततपासणी झाली. सुदैवाने ती ठीक आली.

आता बाळ दोन महिन्यांचे आहे. वरच्या ओठावरचे वांग अजून आहे, आणि ते उतरायला आणखी काही महिने द्यावेत असे डॉक्टर म्हणतात. दूध पाजतानाही तिन्ही ट्यूबा चालतात, मात्र बाळ गालाला गाल घासते म्हणून जेल मी ते झोपल्यावरच लावते. सनस्क्रीनची गव्हाळ छटा झबल्याच्या खांद्यावर उमटते. ती गरम पाण्यात साबण लावून दोनदा चोळल्यावर निघते.