समुपदेशक आपल्या समाजातला असावा की वेगळ्या संस्कृतीतला?

समुपदेशक शोधताना आपल्याच समाजातली व्यक्ती निवडावी, की पार्श्वभूमी वेगळी असली तरी संस्कृतीचे भान ठेवून काम करणारी, हा प्रश्न अनेकांना पडतो.

आपल्या समाजातल्या समुपदेशकाकडे संदर्भ समजावण्यात वेळ जात नाही. वडीलधाऱ्यांचा शब्द मोडणे इतके जड का जाते, किंवा मनातले दुःख डोकेदुखी आणि धडधड या रूपातच का सांगितले जाते, हे त्याला निराळे सांगावे लागत नाही. मात्र हीच जवळीक कधी कधी आड येते, कारण ‘तुमच्या घरी असेच असणार’ असे गृहीत धरून तो पुढचे विचारतच नाही, आणि ज्या रूढीचा तुम्हाला जाच झाला तीच त्याला स्वाभाविक वाटत असेल, तर तिच्याविषयी बोलण्याआधीच जीभ अडखळते. समाज लहान असेल, तर गोपनीयतेची हमी असूनही ओळखीत गाठ पडण्याचा संकोच उरतो, आणि तो मी क्षुल्लक मानत नाही.

वेगळ्या पार्श्वभूमीच्या समुपदेशकाला बऱ्याच गोष्टी विचाराव्या लागतात, आणि तो मनापासून विचारत असेल तर हेच त्याचे बळ ठरते. 2013 साली आलेल्या डीएसएम-5 या मानसिक आजारांच्या निदानग्रंथात अशा विचारपूसीसाठी 16 प्रश्नांची मुलाखत दिली आहे. तुमचा त्रास तुम्ही घरच्यांना कोणत्या शब्दांत सांगाल, असे तीत विचारले जाते. विचारण्याऐवजी तो तुमच्या कुटुंबपद्धतीलाच आजार ठरवू लागला, तर मात्र तिथे थांबू नये.

अनेक अभ्यासांच्या 2011 मधल्या एका एकत्रित विश्लेषणानुसार, लोक स्ववंशीय समुपदेशकाला पसंती देतात, पण उपचाराच्या परिणामात त्यामुळे जवळजवळ फरक पडत नाही. भाषेचे तसे नाही. संस्कृतीनुसार जुळवून घेतलेल्या उपचारांच्या 2006 मधल्या अशाच विश्लेषणात, मातृभाषेत दिलेले उपचार इंग्रजीतल्या उपचारांपेक्षा दुपटीने परिणामकारक दिसले. म्हणून एकच अट धरता येणार असेल, तर मी समाजाआधी भाषेची धरेन. ज्या भाषेत आपण रडतो, त्या भाषेत बोलता आले पाहिजे.

भाषा जुळत असेल, तर पहिल्या भेटीत समुपदेशकाला विचारावे की घरच्यांचे मत आणि माझे मत वेगळे पडले, तर तुम्ही कसे काम करता. त्यावर त्याने तुमच्या घराविषयी आणखी विचारले तर पुढची भेट ठरवावी, आणि लगेच निवाडा दिला तर तो आपल्या समाजातला असला तरी दुसरा शोधावा.