‘डेज ऑफ फ्यूचर पास्ट’: पाच महिन्यांनंतर, एका चुकलेल्या पानासह

जुलैमध्ये मागवलेल्या, ‘एक्स-मेन’ या अमेरिकी महानायक-कॉमिकमालिकेतील या पुस्तकाविषयी मी ऑगस्टमध्येच एक चिडका अभिप्राय लिहून ठेवला होता. तो कोठे टाकला नाही हे बरेच झाले, कारण त्यातील निम्मी तक्रार चुकीच्या माणसांविरुद्ध होती.

विक्रेत्याने आत साधा पुठ्ठाही न घालता पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत पाठवलेले पुस्तक नौपाड्यातील आमच्या इमारतीच्या जिन्यात, ऐन पावसात, अर्धा दिवस पडून राहिले. कण्याकडचा कागद फुगला, सरसाची पकड सुटली आणि पहिल्यांदा उघडताच मधली पंधरा-वीस पाने हातात आली. पार्सल फोडतानाचे चित्रीकरण असल्याशिवाय पुस्तक परत घेता येत नाही, असे विक्रेत्याने कळवले. सातशे रुपयांच्या पुस्तकाचे पार्सल फोडताना चित्रीकरण कोण करतो, या माझ्या प्रश्नाला मात्र तीन ईमेल पाठवूनही अद्याप उत्तर नाही.

दुसरी प्रत घेण्याइतका मी उदार नाही. जांभळी नाक्याजवळच्या एका बाइंडरकाकांकडे पुस्तक नेले आणि दीडशे रुपयांत बांधून घेतले. फर्म्यांचे, म्हणजे घडी घातलेल्या पानांच्या जुडग्यांचे, पुस्तक असते तर घडीतून शिलाई घालता आली असती, परंतु कण्यावर नुसती चिकटवलेली सुटी पाने बांधायची तर बाजूने भोके पाडून आडवा टाका घालावा लागतो आणि तो आतल्या समासातून चांगले चार सूत खातो, हे काकांनी आधीच सांगितले होते. गद्य पुस्तकाला हे चालून जाते, पण कॉमिकमध्ये समास मुळातच बोटभर असतो. परिणामी डाव्या पानांवरील उजव्या कडेचे संवाद शिलाईत गडप झाले आणि ठाणे-वाशी लोकलमध्ये ऐरोली येईपर्यंत मी पुस्तक खिडकीच्या उजेडाकडे तिरपे धरून, अंगठ्याने कणा दाबत, वाक्यांची शेपटे शोधत राहिलो.

कथेविषयी थोडक्यात लिहितो, कारण ती बहुतेकांना ठाऊक आहे. ‘एक्स-मेन’च्या १४१ आणि १४२ या दोनच अंकांत, १९८१ च्या जानेवारी आणि फेब्रुवारीत, ख्रिस क्लेरमाँट आणि जॉन बर्न यांनी एक संपूर्ण हरलेले युद्ध मांडले आहे. २०१३ सालच्या अमेरिकेवर सेंटिनेल यंत्रमानवांचे राज्य आहे, उरलेसुरले म्युटंट, म्हणजे जन्मजात अद्भुत शक्ती असलेली माणसे, छावणीत कोंडलेले आहेत आणि त्यांच्यातल्याच केट प्राइडचे मन, केवळ मन, १९८० मधील तिच्याच तेरा वर्षांच्या देहात पाठवले जाते, ते म्युटंटविरोधी सेनेटर केली यांचा खून टाळण्यासाठी, कारण त्या खुनातूनच हे भविष्य घडले आहे. नवरा शेजारच्याच रणांगणावर, मुले आधीच मारली गेलेली, आणि अशा बाईला शाळकरी पोरीच्या अंगात शिरून ‘मी भविष्यातून आले आहे’ हे मोठ्या माणसांना पटवायचे आहे. २०१४ च्या चित्रपटाने हा प्रवास तिचा सहकारी वुल्व्हरिन याला देऊन टाकला, याचा मला अजूनही राग आहे. जो माणूस भूतकाळात जाऊनही तसाच दणकट राहतो, त्याच्या प्रवासात ही अडचणच शिल्लक उरत नाही.

पहिल्या वाचनात माझा मुख्य आक्षेप १४२ व्या अंकावर होता. त्यात कथा १९८० आणि २०१३ यांच्यामध्ये सतत ये-जा करते. इकडे वॉशिंग्टनमध्ये मारामारी आणि तिकडे सेंटिनेलांच्या मुख्यालयावर, बॅक्स्टर इमारतीत, शेवटची चढाई, अशी. सेंटिनेलच्या एका झोतात वुल्व्हरिनचा सांगाडा उरतो, आणि माझ्या प्रतीत पुढच्याच पानावर तो धडधाकट, चढाईला निघालेला. हा लेखकाचा धाडसी प्रयोग असावा, काळाची साखळी विस्कटली की मेलेलेही परत येतात असे सुचवायचे असावे, असे मी आठ-दहा दिवस समजत होतो आणि ऑफिसातील एका मित्राला ते आग्रहाने पटवूनही दिले होते. ऑगस्टमधील अभिप्रायात याच ‘प्रयोगा’ला मी अनावश्यक म्हटले होते.

ऑक्टोबरमध्ये त्या मित्राने आपली प्रत आणली आणि दोन्ही शेजारी ठेवल्यावर उलगडा झाला. सुटी झालेली पाने जुळवताना काकांनी एक पान मागेपुढे केले होते. माझ्या प्रतीत पानांवर आकडे नाहीत, त्यामुळे त्यांना तरी दोष कसा द्यावा? योग्य क्रमाने वाचल्यावर तो अंक वेगळाच निघाला. स्टॉर्म, वुल्व्हरिन, कोलोसस हे केटचे २०१३ मधील साथीदार एकेक करून पडत जातात आणि त्या प्रत्येक मरणाबरोबर १९८० मधील केटकडचा वेळ कमी होत जातो. क्रम बिघडला की नेमका हा ताणच नाहीसा होतो. ‘गोंधळलेली मांडणी’ हा माझा शेरा मी पूर्णपणे मागे घेतो. शेवटाबद्दलही माझे मत बदलले. खून टळतो, तरी महिन्याभराने त्याच केली यांच्या उपस्थितीत राष्ट्राध्यक्ष नव्या सेंटिनेलांचे काम गुपचूप मार्गी लावतात. आधी हा शेवट मला पुढच्या अंकांची जाहिरात वाटला होता. आता वाटते की युद्ध जिंकल्याचे समाधान वाचकाला न देण्याइतका लेखक प्रामाणिक आहे.

पान नीट लावून देता येईल का, हे विचारायला मी पुन्हा जांभळी नाक्यावर गेलो. काकांनी पुस्तक उलटसुलट करून पाहिले, कणा दाबला आणि म्हणाले, “साहेब, पुन्हा उसवायचं म्हणजे आणखी दोन सूत जातील. मग चित्रंच कापली जातील. पैसे घेणार नाही, पण करू नका.” शिलाई आजही तसूभर ढिली झालेली नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे.

म्हणून त्या पानाच्या कोपऱ्यात मी पेन्सिलीने ‘आधी पुढचे पान वाचा’ असे लिहून बाण काढला आहे. दिवाळीत आलेल्या भाच्याने अर्थातच तो पाहिला नाही आणि स्वयंपाकघरात येऊन विचारले, “मामा, हा जळाला होता ना, मग परत कसा आला?”