दादर पश्चिमेला जाऊन काय खावे

दादर स्थानकातून पश्चिमेला उतरून केशवसुत पुलाखालचा फुलबाजार ओलांडला की तिथून शिवाजी पार्कापर्यंत रमतगमत चालले तरी वीस-पंचवीस मिनिटांचे अंतर आहे. एवढ्या लहान टापूत मराठी खाद्यपदार्थ देणारी उपाहारगृहे जितकी टिकून आहेत, तितकी मुंबईत आज दुसरीकडे कुठे एकत्र सापडत नाहीत. पूर्वी हा मान गिरगावचा होता. तिथल्या चाळी रिकाम्या होत गेल्या तशा खानावळीही एकेक करून मिटल्या. दादरला मात्र गिऱ्हाईक टिकले. ठाणे, डोंबिवली, बोरिवलीला राहायला गेलेला माणूसही लग्नाची खरेदी, नाटक किंवा सिद्धिविनायकाचे दर्शन यांपैकी काहीतरी निमित्त काढून इथे येतो, आणि आला की खाऊनच परततो.

इथे पहिल्यांदा येणारा माणूस बहुधा एकच प्रश्न विचारतो: मिसळ कुठली चांगली? गडकरी चौकातल्या, शिवसेना भवनासमोरच्या ‘आस्वाद’ची, असे उत्तर आता पाठ झाल्यासारखे मिळते. 1986 साली सुरू झालेल्या या उपाहारगृहाच्या मिसळीला 2015 मध्ये लंडनच्या फूडी हब पुरस्कारांत जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ ठरवले गेले आणि तेव्हापासून बाहेर ताटकळणाऱ्यांची संख्या वाढली. मिसळ चांगली आहे, यात वाद नाही. मटकी शिजलेली पण अखंड, कट जिभेला जाळण्यापेक्षा मसाल्याचा स्वाद पोचवणारा, फरसाण वाढण्यापूर्वी टाकलेले असल्याने कुरकुरीत. कोल्हापूरच्या झणझणीत तर्रीची सवय असलेल्याला ती सौम्य वाटेल आणि वाटायलाच हवी, कारण ती मुंबईतल्या मध्यमवर्गीय घराच्या चवीची मिसळ आहे. तरीही केवळ मिसळीसाठी दादरला जावे, असे मी कोणाला सांगणार नाही. मटकी आपण घरीही भिजवतो.

माझे मत असे आहे की दादरच्या उपाहारगृहांत जावे ते घरी आता होईनाशा झालेल्या पदार्थांसाठी. पोहे, उपमा, शिरा हे जिन्नस इथे उत्तम मिळतात, पण ते पंधरा मिनिटांत कोणालाही करता येतात. ज्या पदार्थामागे दोन दिवसांची तयारी आहे, ज्याला चार हात लागतात आणि ज्याच्यासाठी घरात आता ना वेळ उरला आहे ना माणसे, तो पदार्थ मागवावा आणि त्यावरून त्या स्वयंपाकघराची पारख करावी.

डाळिंबी उसळ हे याचे सर्वांत चांगले उदाहरण. कडवे वाल रात्री भिजत घालायचे, दुसऱ्या दिवशी फडक्यात घट्ट बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा. अर्धा किलो वालांना दोघी जणी बसल्या तरी सहज तास जातो. एवढे करून शिजवताना लक्ष चुकले तर डाळिंब्यांचा लगदा होतो, आणि कमी शिजल्या तर त्यांचा कडसरपणा घशात राहतो. आमसूल, गूळ, गोडा मसाला आणि ओले खोबरे यांपैकी एकही गोष्ट वरचढ होता कामा नये. ‘आस्वाद’मध्ये आणि तिथून जवळच असलेल्या ‘प्रकाश’ या जुन्या शाकाहारी उपाहार केंद्रात ही उसळ मिळते, आणि दोन्हीकडच्या चवीत सरळ फरक जाणवतो. मला ‘प्रकाश’ची अधिक आवडते. तिच्यात गूळ हात राखून घातलेला असतो, रस अंगाबरोबर असतो, आणि दाणा बोटाने दाबला की मोडतो पण वाटीत आपला आकार धरून राहतो. पुरीपेक्षा ती साध्या पोळीबरोबर किंवा नुसतीच चमच्याने खावी, म्हणजे वालाचा तो किंचित उग्र वास हरवत नाही.

‘प्रकाश’चे नाव खरे तर साबुदाणा वडा आणि पीयूष या जोडीमुळे झाले आहे. साबुदाणा वड्याचे सगळे यश साबुदाणा किती पाण्यात आणि किती वेळ भिजला यावर असते. पाणी जास्त झाले तर वडा तेल पितो, कमी झाले तर आत टचटचीत दाणे राहतात आणि तळताना फुटतात. इथला वडा फोडला की आतला साबुदाणा पारदर्शक दिसतो, दाण्याचे कूट भरड असल्याने मध्येमध्ये दाताखाली येते, आणि बाहेरचे आवरण चटणी संपेपर्यंत कुरकुरीत राहते. पीयूष हे श्रीखंड आणि ताक यांच्या मधले पेय आहे. केशर आणि जायफळ घातलेले, इतके दाट की घोट घेण्याऐवजी ते ओठांनी ओढून घ्यावे लागते. ते गोड आहे, आणि आजच्या मानाने बरेच गोड आहे. दोघांत एक पेला घेतला तर त्याची गोडी कळते. एकट्याने संपवायला गेल्यास पुढचे काही खाता येत नाही. वडा गरम असतानाच अर्धा खावा, मग पीयूषाचा घोट घ्यावा. तिखट, गरम वड्यानंतर जिभेवर आलेले ते थंड जायफळ हा अनुभव मला अजून दुसऱ्या कुठल्या जोडीत मिळालेला नाही.

थालीपिठाचेही डाळिंबीसारखेच आहे. घरी आपण हल्ली हाताला लागतील ती चार पिठे एकत्र करतो आणि त्याला थालीपीठ म्हणतो. भाजणीचे थालीपीठ ही वेगळी वस्तू आहे. तांदूळ, ज्वारी, बाजरी, हरभऱ्याची डाळ, उडीद, धणे, जिरे ही प्रत्येक गोष्ट वेगवेगळी, आपापल्या रंगावर येईपर्यंत भाजावी लागते, कारण उडदाला लागणारा वेळ तांदळाला दिला तर तांदूळ करपतो. चांगली भाजणी पाण्यात भिजवतानाच तिचा वास घरभर पसरतो. ‘आस्वाद’चे थालीपीठ या कसोटीला उतरते. त्याला मध्ये पाडलेल्या भोकांतून तेल खालपर्यंत पोचलेले असते, कडा कुरकुरीत आणि पोट मऊ असते, आणि वर ठेवलेला लोण्याचा गोळा ताट टेबलावर येईपर्यंत अर्धा विरघळलेला असतो. ज्यांना हे घरी करून पाहायचे आहे, त्यांनी रानडे रोडच्या परिसरातल्या दुकानांतून भाजणी विकत न्यावी. मेतकूट, कुळथाचे पीठ, आमसुले, सांडगे आणि पोह्याचे पापडही याच टापूत मिळतात आणि त्यांपैकी बराच माल घरगुती असतो.

इथे थोडे विषयाला धरूनच मागे जावेसे वाटते. या भागाच्या दक्षिणेला लागूनच गिरणगाव होते आणि कोकणातून, घाटावरून एकटे आलेले हजारो गिरणी कामगार खानावळवाल्या बायकांच्या हातचे जेवत होते. त्या बायकांची संघटना, अन्नपूर्णा महिला मंडळ, प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये उभी केली. 1982 च्या संपानंतर गिरण्या गेल्या आणि ते जेवणारेही पांगले. आज आपण मालवणी भोजनगृह म्हणून ज्याचे कौतुक करतो, त्या चवीला मुंबईत पहिले घर या खानावळींनी दिले, ही गोष्ट दादरला माशाचे ताट पुढे आले की मला आठवल्याशिवाय राहत नाही.

माशासाठी मी आर. के. वैद्य मार्गावरच्या ‘सिंधुदुर्ग’ला प्राधान्य देतो. जागा साधी, वाढप झटपट, आणि ताटात नारळ भरपूर. तिथे तिसऱ्या मागवाव्यात. तिसऱ्या निवडणे, धुणे, त्यांतली रेती काढणे आणि एकेक शिंपले उघडणे हे काम ज्याने घरी केले आहे, त्याला सुक्या तिसऱ्यांच्या वाटीची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. एकही कचकच दाताखाली न येता ती वाटी संपली, तर आतले काम नीट झाले आहे असे समजावे. बोंबील तळलेले असावेत ते बाहेरून रव्याने खरपूस आणि आतून जवळजवळ पातळ. पिळून, दाबून पूर्ण कोरडा केलेला बोंबील सोपा पडतो, पण त्यात बोंबलाचा बोंबीलपणा राहत नाही. ‘चैतन्य’ हे दुसरे मालवणी भोजनगृहही याच परिसरात आहे आणि त्याच्या वाटणात मला भाजक्या खोबऱ्याचा रंग अधिक गडद जाणवतो. कोणत्याही मालवणी ठिकाणी गेल्यावर बांगड्याचे तिखले आहे का, हे मात्र विचारून घ्यावे. बांगड्याचा उग्रपणा तिरफळ या कोकणी मसाल्याशिवाय आवरत नाही, आणि तिरफळ हाताशी नसले की पुष्कळ जण त्याच्या जागी नुसता मसाला वाढवतात. ताटात ठेचलेले तिरफळ दिसले आणि जिभेला हलकीशी बधिरता आली, तर स्वयंपाकी जाणकार आहे.

सोलकढीबद्दल मात्र सावध राहावे. एका भोजनगृहात मला जी सोलकढी मिळाली, ती पाच मिनिटे ठेवूनही तशीच एकजीव, गुलाबी आणि गोडसर राहिली. ताज्या नारळाच्या दुधाची सोलकढी जरा वेळ ठेवली की तिच्यावर दाट थर वेगळा होऊ लागतो आणि चमच्याने ती ढवळावी लागते. डब्यातल्या पावडरीचे दूध असले की असे होत नाही. जेवण कितीही चांगले असले तरी माझ्या दृष्टीने तिथे त्या ताटाचे अर्धे गुण गेले, कारण नारळ खवून, वाटून, पिळून पहिले दूध काढणे हेच तर ते काम आहे ज्यासाठी आपण बाहेर पैसे मोजतो.

बटाटेवड्याला मी या कसोटीतून सूट देतो, कारण दादरचा वडा हा एक स्वतंत्र विषय आहे. वडापाव 1966 मध्ये दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर सुरू झाला असे मानले जाते. त्याच्याही पुष्कळ आधी, 1910 पासून, मामा काणे यांचे स्वच्छ उपाहारगृह स्थानकाजवळ वडे तळत आले आहे. नावातला ‘स्वच्छ’ हा शब्द त्या काळी जाहिरात होता आणि आजही तो जपला जातो, ही मला मोलाची गोष्ट वाटते. छबिलदास शाळेच्या गल्लीतला ‘श्रीकृष्ण’चा वडा आकाराने मोठा, पातळ आवरणाचा आणि आले-मिरचीने जागा असलेला. 1974 पासून छबिलदासच्या सभागृहात प्रायोगिक नाटकांची चळवळ बहरली. तो काळ पाहिलेली माणसे त्या प्रयोगांच्या आठवणी काढतात तेव्हा खालच्या गल्लीतला वडाही त्यांच्या बोलण्यात येतो. कीर्ती महाविद्यालयाजवळ, काशिनाथ धुरू मार्गावरच्या ‘अशोक वडापाव’ला जायचे ते चुऱ्यासाठी. तळताना कढईत पडलेले बेसनाचे थेंब झाऱ्याने काढून लसणीच्या तिखट चटणीबरोबर पावात भरतात. वड्यावर तो चुरा घेतला की मऊ पाव, मऊ बटाटा आणि त्यामध्ये ती कुरकुर असा तिपेडी मेळ जमतो. तिथे बसायला जागा नाही, रस्त्यावर उभे राहूनच खावे लागते, आणि दुपारी महाविद्यालयाची गर्दी असते हे ध्यानात ठेवावे.

उणिवाही सांगायला हव्यात. या सर्व टापूत न्याहारीचे आणि मधल्या वेळचे खाणे जितक्या निगुतीने होते, तितके शाकाहारी पूर्ण जेवण होत नाही. ताटातल्या दोन भाज्यांना बरेचदा एकच वाटण असते, आमटीत चिंच-गुळाचा तोल ढळतो, आणि कोशिंबीर सकाळी चिरून ठेवलेली असल्याचे कळते. अळूची पातळ भाजी, फणसाची भाजी, भरली वांगी असे काही त्या दिवशी असेल तर ते वेगळे मागवून पोळी घ्यावी, ताट घेऊ नये. रविवारी सकाळी दहानंतर आणि सणाच्या दिवशी गर्दी एवढी असते की शेजारी अनोळखी कुटुंब बसवले जाते आणि शेवटचा घास तोंडात असतानाच मागे दुसरे कोणी उभे राहते. वयस्कर माणसांना घेऊन जायचे असेल, तर कामाच्या दिवशी दुपारी तीन ते पाच ही वेळ निवडावी. तेव्हा तळण ताजे मिळते आणि निवांत बसताही येते.

ऋतू पाहून जाणे हेही तितकेच महत्त्वाचे आहे. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे त्या दोन महिन्यांत मोठ्या ताज्या माशाची अपेक्षा धरू नये; सुकटीची चटणी, बोंबलाचे सुके किंवा नुसती कुळथाची पिठी आणि भात यांत अधिक समाधान आहे. नारळी पौर्णिमा उलटली की माशांकडे पुन्हा वळावे. गणपती आले की ‘आस्वाद’सारख्या ठिकाणी उकडीच्या मोदकांसाठी रांगा लागतात, आणि ते मोदक आधी सांगून ठेवावेत हे उत्तम. उकड मळणे, पारी सारखी पातळ करणे आणि मुखऱ्या न चिरता मिटवणे हे काम जाणणारे हात आता फार थोड्या घरांत आहेत. चांगल्या मोदकाची पारी इतकी पातळ असते की आतला गूळ-खोबऱ्याचा रंग बाहेरून अंधुक दिसतो. घरी आणल्यावर तो फ्रिजमध्ये ठेवू नये, कारण तांदळाची पारी तिथे तडकते आणि चिवट होते. पाण्याची वाफ देऊन दोन मिनिटे पुन्हा उकडावा, मुखऱ्या थोड्या फोडाव्यात आणि साजूक तूप आतपर्यंत जाऊ द्यावे.